फोटोखालची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात पहिल्या पानावर आपण शेकोटीचा फोटो छापला आहे. चार माणसं, मध्ये जाळ, मागे धुरात बुडालेल्या द्राक्षाच्या ओळी. खाली लिहिलंय, 'गुलाबी थंडीत शेकोटीची मजा लुटताना निफाडकर.' त्यातला पाठमोरा, डोक्याला तपकिरी मफलर गुंडाळलेला माणूस मी. घमेलं घेऊन वाकलेली ती माझी सून. उरलेले दोघे शेजारच्या मळ्यातले. चौघांपैकी एकालाही मजा येत नव्हती, एवढं नोंदवून ठेवावं म्हणून हे पत्र.

राग नाही. फोटो झकास आलाय. नातवाने कापून वहीत चिकटवायला मागितला. गल्लीत जो भेटेल तो म्हणतो, "काय नाना, एकटे एकटे शेकता, आम्हाला हाक नाही मारली." हसून घेतलं. पण सूनबाईने ओळ वाचली आणि पेपर बाजूला ठेवून म्हणाली, "मजा? माझ्या डोळ्यांतलं पाणी अजून थांबेना." मग म्हटलं, लिहावंच.

ती शेकोटी आमच्यासाठी नव्हती. घडांसाठी होती. शनिवारच्या पहाटे साडेतीनला बागेच्या चारी अंगांना आम्ही असे ढीग पेटवले. छाटणीच्या वाळक्या काड्या खाली, त्यावर पालापाचोळा, त्यावर ओला भुसा. आम्हाला जाळ नको असतो, धूर हवा असतो. जाळ उंच उठला की लगेच वर घमेलंभर ओला भुसा टाकून तो बसवायचा. आपल्या फोटोत सून तेच करते आहे. धूर बागेवर चादरीसारखा पसरून राहिला तर खालची ऊब जरा टिकते. किती टिकते यावर आमच्यात दरवर्षी वाद होतात. माझ्या वहीत दीड अंशापुढे फरक कधी गेलेला नाही. पण पाच आणि साडेसहा यांत काय अंतर आहे, ते ज्याची बाग आहे त्याला विचारा.

फोटो काढणारा पोरगा गुणी होता. रस्त्यावरून धूर दिसला म्हणून मोटरसायकल लावून बांधावरून आत आला, पायातली चिखलाची चप्पल सांभाळत. "काका, थंडी किती आहे?" मी म्हटलं, "बख्खळ." त्याने पुढचं विचारलं नाही, मी पुढचं सांगितलं नाही. तेव्हा ही चूक निम्मी माझी धरा.

आता मी कोण, तर एस.टी.तला निवृत्त वाहक. २९ वर्षं तिकिटं फाडली, बरीचशी नाशिक-निफाड-येवला या पट्ट्यात. वाहकाला एक खोड कायमची लागते. प्रत्येक टप्प्याला वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, आकडा भरल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, खोड राहिली. बागेत मांडवाच्या एका खांबाला, घड लोंबतात त्याच उंचीवर, थर्मामीटर टांगलाय. रोज पहाटे एक आकडा, दुपारी एक आकडा. शेजारी दव, वारा, ढग असे तीन रकाने. बायको म्हणते, आता पगारही नाही आणि चेकिंगही नाही, मग कोणासाठी भरता? खरं आहे. पण या वहीमुळेच मला आपल्या बातमीत काय राहून गेलं ते सांगता येतं.

बातमीत एकच आकडा होता, शनिवारच्या पहाटेचा. तो चुकीचा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून तो येतो, वर्षानुवर्षं येतो, आणि राज्यात थंडी पडली की टीव्हीवर निफाडचं नाव लागतं ते त्याच आकड्यामुळे. पण गाडी शेवटच्या थांब्यावर किती वाजता पोचली एवढंच सांगून प्रवास सांगितला असं होत नाही. त्या आठवड्यात जे घडलं ते मधल्या टप्प्यांवर.

त्याआधीच्या रविवारी पहाटे १२, दुपारी २९. पौषात शोभावं असं. सोमवारी उठलो तर आभाळ भरलेलं आणि पारा १७ वर. घरात पंखा लावावा की नाही अशी हवा. स्वेटर पेटीत गेले, छत्र्या बाहेर आल्या. संक्रांतीसाठी बायकोने तिळाच्या वड्या थापून ठेवल्या होत्या, त्या ओल्या हवेने पाझरल्या आणि डब्यात एकमेकींना चिकटून बसल्या. तिने मला त्यांचा रकाना वहीत घालायला सांगितलं. घातला.

मंगळवारी भोगी. पहाटे १८. जानेवारीत १८! बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगं-गाजर-हरभऱ्याची भाजी, सगळं ताटात होतं, पण ते ज्या थंडीसाठी खायचं ती थंडी कुठे होती? जेवतानाच पत्र्यावर टपटप ऐकू आलं. जेमतेम दहा मिनिटांचा शिंतोडा. बाजारातल्या माणसाने डोक्यावर पिशवी धरली असेल आणि विसरून गेला असेल. आम्ही ताटावरून उठलो.

त्या दहा मिनिटांनी काय झालं ते जवळून सांगतो. आमची द्राक्षं थॉमसन जातीची, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास झाली. म्हणजे संक्रांतीला बाग शंभरीला टेकते आणि मण्यात पाणी उतरायला लागतं. कडक हिरवा मणी बोटाला जरा मऊ लागतो, काचेसारखा उजेड पकडतो. अशा वेळी मांडवाखाली गेलो तर प्रत्येक मण्याच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. एका घडात शंभर-सव्वाशे मणी, तितकेच थेंब. दिसायला इतकं देखणं की आपला फोटोवाला तेव्हा यायला हवा होता. पण पाणी दोन मण्यांच्या सांध्यात रात्रभर बसलं की आतून कूज धरते. म्हणून मुलाने ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला आणि टाकीत औषध न घालता नुसता वारा मारत प्रत्येक ओळीतून फिरला. ब्लोअर बांधाकडेच्या दोन ओळींत वळत नाही. तिथे मी आणि सून तारांना हाताने झटके देत गेलो. झटका दिला की सगळं पाणी आपल्याच मानेवर. रात्री दहा वाजता घरात आलो तेव्हा भाकऱ्या तिथल्या तिथे होत्या.

ढग आले की आमच्या पोटात गोळा येतो, त्याला कारण आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, २०१७ च्या डिसेंबरात ओखी. दोन्ही चक्रीवादळं अरबी समुद्रातून आलेली, पण भिजलो आम्ही इथे. आणि २०२३ च्या २६ नोव्हेंबरची गारपीट तर आमच्या तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात ओळींमध्ये पांढरा खच दिसत होता आणि पानं चाळणीसारखी झाली होती. तेव्हापासून सूनबाई आभाळाकडे बघताना बोलत नाही.

बुधवारी संक्रांत. येवल्याला माझी बहीण दिलेली आहे. तिथे तीन दिवस पतंगांचा धुमाकूळ असतो, चक्रीला ते आसारी म्हणतात, म्हातारे-कोतारेही गच्चीवर. दुपारी भाच्याचा फोन आला, "मामा, वाराच नाही. पतंग गच्चीच्या कठड्यावरच बसून ऱ्हायला." त्याला वाईट वाटत होतं ते पतंगाचं. मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. आभाळ झाकलेलं, हवेत ओल, वारा पडलेला, ना धड थंडी ना धड ऊन. याला आमच्याकडे भुरीची हवा म्हणतात. भुरी म्हणजे द्राक्षावरची पांढरट बुरशी. गुरुवारी सकाळी तिसऱ्या ओळीत सापडलीच. मण्यावर राख सांडल्यासारखी. अंगठ्याने पुसली तर पुसली जाते, पण तिच्याखाली साल तपकिरी पडते, जाळी धरते आणि मणी फुगायला लागला की तिथेच उलतो. आता औषध मारावं, तर काढणीला महिना-सव्वा महिना राहिलेला. परदेशी जाणाऱ्या मालात औषधाचा अंश तपासतात, मर्यादेबाहेर निघाला की माल नाकारला. म्हणून या दिवसांत हात बांधलेले असतात आणि कोणत्या दिवशी काय मारायचं, की काहीच मारायचं नाही, हे हवेच्या ओलीवर ठरतं. पहाटेच्या किमान आकड्यावर नाही.

गुरुवारी संध्याकाळी वारा फिरला. उत्तरेचा, कोरडा, ओठ फाटतील असा. हिमालयात पश्चिमेकडून आलेला विक्षोभ बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागचा गारठा असा खाली उतरतो. तासाभरात आभाळ स्वच्छ. सगळे म्हणाले, सुटलो. सुटलो कसले? हवेने सिंगल बेल मारून गाडी थांबवली होती, आता डबल बेल देऊन थेट उतारावर सोडली. शुक्रवारी पहाटे ७. शनिवारी ५. मंगळवारचे १८ आणि शनिवारचे ५ यांच्यामध्ये चार रात्री.

निफाडलाच एवढं का, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसभर घेतलेली ऊब रात्री वर सोडून देते. ढग असले तर ते गोधडीसारखी धरून ठेवतात. मंगळवारचे १८ त्या गोधडीचे होते. त्यात थंड हवा जड. पाणी जसं सखलात जातं तशी ती गोदावरी आणि कादव्याच्या खोऱ्यात उतरून साचते. आमचा मळा नदीच्या अंगाला, रस्त्यापेक्षा खाली. रस्त्यावरच्या टपरीवाल्याला जी थंडी वाजते त्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त आमच्या घडांना वाजते. आणखी एक गोष्ट. केंद्रावरचा तापमापक लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर ठेवलेला असतो. जगभर साधारण तसाच ठेवतात आणि तेच बरोबर आहे. पण निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे जमिनीलगत त्याहून गार असतं. पेटीत पाच असताना कांद्याच्या रोपाच्या पायाशी किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

शनिवारी धूर केला तसं पहाटे चारला ठिबकही सोडलं. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं. उन्हाळ्यात तेच गार लागतं. पाणी तेच, हात बदलतो. मुळांशी ती ऊब गेली तर वेल जरा हालचाल करते, नाहीतर गारठून बसते. मण्यांची फुगवण थांबते, साखर भरत नाही, तोडणी पुढे जाते. सूर्य उगवेपर्यंत आम्ही असे चाललो. आपला प्रतिनिधी साडेपाचला आला, पावणेसहाला गेला.

मला खरं म्हणायचंय ते यापुढे आहे. शनिवारी पहाटे ५ होते, हे आपण मोठ्या अक्षरात छापलं. त्याच शनिवारी दुपारी माझ्या थर्मामीटरला २८ होते. हे कुठेच आलं नाही. एका दिवसात तेवीस अंशांचा फरक. मण्यात पाणी उतरत असताना रात्र अशी गार आणि दुपार अशी तापलेली गेली की पांढऱ्या द्राक्षाचा हिरवा मणी गुलाबी पडायला लागतो. पिंक बेरी म्हणतात. चवीला काही वाईट नसतो, उलट गोडच. पण युरोपातल्या ग्राहकाला पांढरं द्राक्ष एकसारखं हिरवट-पिवळं हवं. घडात चार मणी गुलाबी दिसले की व्यापारी घड फिरवून बघतो, काही बोलत नाही, आणि दर उतरवतो. तेव्हा संपादक महाशय, तुमच्याकडे थंडी गुलाबी झाली की आमच्याकडे मणी गुलाबी होतात. तो शब्द निदान निफाडच्या बातमीत वापरू नका. बोचरी लिहा, कडाक्याची लिहा, काही लिहा.

म्हणजे थंडी वाईट असं नाही. हेही लिहितो, नाहीतर उद्या गहूवाले माझ्या दारात उभे राहतील. माझ्या धाकट्या भावाकडे दीड एकर गहू आहे. तो शनिवारी सकाळी हात चोळत आला तो थंडीने नव्हे, खुशीने. गव्हाला फुटवे येण्यासाठी, दाणा भरण्यासाठी गारठा लागतोच. कुंदेवाडीच्या केंद्राने आजवर त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, गोदावरी असे वाण दिले, नावं सगळी आपल्या मातीतली. हरभऱ्यालाही थंडी मानवते. कांदेवाल्याला ढग नकोत, पातीवर करपा रोग येतो. लासलगावला शनिवारी भेटलेला एक कांदेवाला म्हणाला, "ना भो, थंडी पडू दे, ढग नको." एकाच बांधाच्या अलीकडे नवस आणि पलीकडे शिव्या. एक आकडा छापून कोणाची बातमी झाली?

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला लोक येतात, हेही आपण त्याच बातमीत चौकटीत दिलंय. बरोबर आहे. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झालं, आम्हालाही त्याचा अभिमान आहे. क्रौंच लांबून आलेत, त्यांना ही थंडी म्हणजे काहीच नाही. पण थंडीच्या बातमीत पर्यटक, पक्षी, शेकोटी, गरम जिलेबी सगळं आणि बाग फक्त मागच्या धुरात, हे जरा खटकलं. आमचं गाव न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव. १८ जानेवारी १८४२, याच महिन्यातला जन्म. शाळेत भाषण करताना आम्हाला शिकवलं होतं की ते आकडे मांडून बोलायचे. निफाडच्या माणसाने आकड्यांवरून भांडावं हे त्यामुळे आपण समजून घ्याल.

माझी मागणी मोठी नाही. किमान तापमानाचा आकडा विचारायला आपला माणूस रोज सकाळी फोन करतच असेल. फोन एकच, प्रश्न तीन करावेत. काल दुपारचं कमाल किती, आज पहाटेचं किमान किती आणि सकाळची आर्द्रता किती. तीन आकडे, एक ओळ, रोज एकाच जागी. थंडी असो, नसो. आकडा पाचच्या खाली गेला तरच निफाड आठवायचं आणि सतरा-अठरा झाला की विसरायचं, असं नको. बागेला अठराचीच जास्त भीती असते. मोबाइलवर अंदाज येतात हे मला माहीत आहे. नातू दाखवतो. त्यात पावसाचे ढग, विजेचे बाण, लाल-पिवळे इशारे, आणि त्याच्याखाली कोणीतरी तीन वर्षांपूर्वीचा गारांचा फोटो आजचा म्हणून टाकलेला. छापलेल्या आकड्यावर अजून माणूस भरवसा ठेवतो. शिवाय कापून वहीत लावता येतो.

आता पेपराचं आणखी एक काम सांगतो, बहुधा आपल्याला ठाऊक असेल. घडावर थेट ऊन पडू नये, गुलाबी छटा धरू नये म्हणून आम्ही प्रत्येक घडाला कागद लावतो. वर्तमानपत्राचाच. निम्मं पान घडाभोवती गुंडाळायचं, वरून टाचणी मारायची, खालून हवेला मोकळं ठेवायचं. या सोमवारपासून आमच्याकडे तेच काम चालू आहे. निफाडच्या दुकानातून रद्दी आणली, चार बाया लावल्या, आणि अख्खी बाग पेपर वाचत उभी असल्यासारखी दिसते. एका घडावर सोन्याचा भाव, शेजारच्यावर श्रद्धांजली, त्याच्यापुढे वधू पाहिजे. मजूर बायांतली एक शिकलेली आहे, ती गुंडाळता गुंडाळता मोठ्याने वाचते आणि बाकीच्या हसतात.

काल दुपारी तिच्याच हातात रविवारचं पहिलं पान आलं. तिने फोटो ओळखला आणि हाक मारली, "नाना, तुम्ही!" सगळ्या गोळा झाल्या. मी म्हटलं, ठेव बाजूला, नातवाला हवंय. सूनबाईने ते पान तिच्या हातातून घेतलं. फोटो तेवढा कात्रीने काढून मला दिला. ओळ असलेला उरलेला तुकडा तिसऱ्या ओळीतल्या, भुरी पुसलेल्या त्या घडाला लावला, अक्षरं बाहेरून दिसतील असा.

आज पहाटे ६. दुपारचा आकडा अजून व्हायचाय. दव भरपूर. वारा नाही.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक,
निफाड, जि. नाशिक